डिंक-अळीव आणून ठेवले, पण रात्री उठणार कोण?

सातवा महिना लागला की आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत एक यादी सुरू होते. डिंक, अळीव, खारीक, खोबरं, सुंठ, बाळंतशेपा, आणि शेजारच्या गुजराती काकी सांगतात की अरे बत्रीसू (बत्तीस औषधी मसाल्यांची पूड) पण घेऊन ठेवा, काटलू (बाळंतिणीला देतात तो गुजराती गोड पदार्थ) त्याशिवाय होत नाही, म्हणून मांडवीला एक चक्कर मारून ते पण येतं. सगळे डबे भरून तयार. आणि या सगळ्यात कोणी हे विचारत नाही की रात्री अडीचला बाळ रडून लालेलाल झालंय, आईचे टाके ठणकतायत, तेव्हा उठणार कोण, लंगोट बदलणार कोण, आणि सकाळी त्या आईच्या हातात गरम खायला देणार कोण.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या बाळंतपणात लाडू हा छोटा भाग होता, मोठा भाग माणसांचा होता. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात बाळंतीण एका खोलीत असायची आणि बाहेर आई, काकू, आजी, तेल लावायला येणारी बाई, धुण्याची बाई असा सगळा फौजफाटा. सव्वा महिना तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही असा नियमच. विटाळ वगैरे कारणं सांगून का होईना पण तिच्या अंगावरचं काम काढून घेतलेलं असायचं (विटाळाची मी बाजू घेत नाहीये, फक्त त्याचा परिणाम सांगतेय). आता आपण वाघोडिया रोडला नाहीतर गोत्रीला फ्लॅटमधे दोघंच, सासूबाईंचे गुडघे गेलेले, आई स्वतः अजून नोकरीत किंवा पुण्याला. माणसं गेली आणि लाडू मात्र राहिले, कारण लाडू ऑनलाइन मागवता येतात.

माणसं का लागतात हे कळायला आधी शरीरात काय चालू असतं ते बघूया, म्हणजे "आमच्या वेळी तर आम्ही दहाव्या दिवशी पाणी भरत होतो" असं कोणी म्हटलं तर उत्तर देता येईल.

डिलिव्हरी झाल्या झाल्या गर्भपिशवी साधारण एक किलोची असते, आणि सहा आठवड्यांत ती आकसून साठ-सत्तर ग्रॅमवर येते. वार जिथे चिकटलेली असते तिथे आतून चांगलीच मोठी जखम राहते, ती दिसत नाही म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही. ती भरेपर्यंत चार ते सहा आठवडे अंगावरून जात राहतं, सुरुवातीला लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरं. मधेच जास्त धावपळ केली, घर आवरायला काढलं, की कमी झालेलं परत लाल व्हायला लागतं, म्हणजे शरीर सांगतंय की थांब जरा. सिझर असेल तर वरून पोटाचं मोठं ऑपरेशन. इतर कुठल्या ऑपरेशनच्या पेशंटला आपण चौथ्या दिवशी म्हणत नाही की बाई आता रात्रभर दर दोन तासांनी उठ. आराम म्हणजे नुसतं पडून राहणं असंही नाही हं, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका या सहा आठवड्यांत नेहमीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे घरातल्या घरात हळूहळू चालणं हवंच. चालायचं, पण बादल्या उचलायच्या नाहीत.

दुधाचं गणित वेगळंच. पहिले दोन-तीन दिवस जो पिवळा घट्ट चीक येतो तो थोडाच असतो आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं, त्यामुळे "दूधच नाहीये, पावडर आणा" ही घाई बहुतेक वेळा उगाच असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं. पुढे किती बनेल हे मुख्यतः किती काढलं जातंय यावर ठरतं, बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यायलं पाहिजे, छाती रिकामी झाली की शरीर परत बनवतं. पान्हा फुटायला जे ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन लागतं ते ताण, दुखणं आणि भीती असली की अडकतं, दूध आत असतं पण उतरत नाही. म्हणजे दूध वाढवायची पहिली गोष्ट कोणती तर बाळ नीट लावणं, वरचेवर लावणं, आणि आईला निवांत बसू देणं. मेथी, शतावरी, शेपा हे सगळं नंतर. मेथी-शतावरीचे पुरावे तसे कच्चेच आहेत, काहींना उपयोग होतो असं वाटतं, फार नाही.

आता जेवणाकडे येऊ, कारण इथे प्रेम खूप आणि गोंधळही खूप.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, त्यांच्या २०२० च्या शिफारशी बघितल्या तर अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. प्रोटीन पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण १७ ग्रॅम जास्त. ६०० म्हणजे ताटात काय? एक बाजरीची भाकरी त्यावर चमचाभर तूप, एक वाटी मटकीची उसळ, एक कप दूध आणि मूठभर शेंगदाणे, बस, झालं. आणि एवढ्यात प्रोटीन वीसच्या वर जातं. आता हेच ६०० तीन-चार डिंकाच्या लाडवांतून पण होतात, पटकन होतात, पण त्यात तूप-गूळच जास्त, प्रोटीन मागे पडतं, आणि लाडू खाऊन पोट भरलं म्हणून ती जेवत नाही. मी लाडवांच्या विरोधात नाही, रात्री तीनला बाळाला पाजताना एका हातानं खाता येईल असा दुसरा पदार्थ मला दाखवा! दिवसाला एक-दोन ठीक. पण जेवणाच्या ऐवजी लाडू आणि जेवणाच्या बरोबर लाडू यात फरक आहे.

आपल्याकडच्या बाळंतिणीच्या ताटात खरं तर बरंच शहाणपण आहे. मऊ भात, मुगाचं वरण, मेतकूट, तूप, लसूण, शेपूची भाजी, अळिवाची खीर, जेवणानंतर शेपा-ओवा-तीळ-खोबऱ्याची सुपारी, हे पचायला हलकं आणि पोटाला बरं. अळिवात लोह चांगलं आहे, तीळ आणि नाचणीत कॅल्शियम. गुजराती घरांतली सुंठ-गुळाची राब आणि गव्हाचा शिरो पण छान, गरम, पटकन होणारं. गडबड होते ती बंदीच्या यादीनं. वांगं नको, बटाटा नको, डाळ नको कारण बाळाला गॅस होईल, दही नको, फळं थंड म्हणून नकोत, पाणी सुद्धा मोजून. मग त्या बाईनं खायचं काय, भात आणि तूप? आईच्या आतड्यातला गॅस दुधातून बाळाच्या पोटात जात नाही. काही बाळांना गाईच्या दुधातल्या प्रोटीनचा त्रास आईच्या दुधातून होऊ शकतो, हे खरंय, पण त्याची लक्षणं वेगळी (बाळाच्या शीमधे रक्त, अंगावर चट्टे, वजन न वाढणं) आणि ते डॉक्टर ठरवतील, शेजारीण नाही. पाणी तहान लागेल तेवढं, आणि पाजायला बसल्यावर तहान लागतेच म्हणून बाटली तिच्या हाताशी भरून ठेवायची. बडोद्याच्या मे महिन्यात, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि आत बाळंतिणीला कानटोपी घालून बत्रीसूवालं काटलू खायला घालून वर पाणी कमी, हे मी बघितलंय. काटलू मुळात थंडीतला पदार्थ आहे, उत्तरायणाच्या आसपास खाल्ला तर जीव खूश होतो.

मांसाहारी असाल तर अंडी, मासे, चिकन सूप बिनधास्त द्या. शाकाहारी असाल तर रोज दोन वेळा डाळ-उसळ आणि दूध-दही-पनीर यातलं काहीतरी हवंच. आणि गोळ्या. लोहाची गोळी डिलिव्हरीनंतर १८० दिवस रोज घ्यायची असा सरकारी कार्यक्रमच आहे, कॅल्शियमही सहा महिने, फक्त दोन्ही एकत्र गिळायच्या नाहीत कारण कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. चहा पण तसाच, जेवणावर लगेच चहा म्हणजे जेवणातलं लोह वाया, तासभर थांबा (बडोद्यात हे सांगणं अवघड आहे मला माहितीये). प्रेग्नन्सीत शुगर निघाली असेल तर लाडू-शिरो डॉक्टरांना विचारून, आणि सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट विसरू नका, ती नव्वद टक्के घरं विसरतात असं मला वाटतं, हा माझा अंदाज हं, आकडा नाही.

डाळीवरून आठवलं. १८ जून २०२२ ला पंतप्रधानांनी आपल्या बडोद्यातच मुख्यमंत्री मातृशक्ती योजना सुरू केली होती, त्यात गरोदर आणि पाजणाऱ्या आयांना अंगणवाडीतून महिन्याला दोन किलो चणे, एक किलो तूरडाळ आणि एक किलो तेल फुकट असं ठरलं. बघा, सरकारनंही साखर-तूप न देता चणे-डाळ दिली, कारण कमी काय पडतं ते तिथे माहिती आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या सुनेचं नाव अंगणवाडीत लिहिलंय का, एवढं जरी विचारलंत तरी चांगलं.

आता मुख्य मुद्दा, घरात मदत.

नेदरलँड्समधे एक पद्धत आहे, तिला क्रामझोर्ख म्हणतात. डिलिव्हरीनंतर पहिले आठ-दहा दिवस एक ट्रेनिंग घेतलेली बाई रोज काही तास घरी येते, बेसिक हेल्थ इन्शुरन्समधेच ते धरलेलं असतं, तासाला थोडे पैसे आपले. ती आईचे टाके बघते, ताप बघते, पिशवी किती खाली आली ते चाचपते, बाळाचं वजन करते, कावीळ दिसतेय का बघते, पाजायला शिकवते, आणि हे सगळं करून आईला खायला करून देते, बाथरूम धुते, मोठं मूल असेल तर त्याच्याकडे बघते. मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात भारी वाटतं. आपल्याकडे आशाताई येतात, हॉस्पिटलात डिलिव्हरी झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत, आणि त्या बाळाचं वजन, ताप, आईची तब्येत बघतात. चांगलीच सोय आहे. पण फ्लॅटवाल्या सोसायट्यांत त्यांना वॉचमनच आत सोडत नाही हा एक प्रकार, आणि स्वयंपाक-झोप हा भाग त्यांच्या कामात नाही हा दुसरा.

म्हणून लोक बाई ठेवतात. हल्ली एजन्सीवाले जापा मेड म्हणतात, कुठे कुठे शिकलेल्या डौला (बाळंतिणीला सोबत-मदत करणाऱ्या) पण मिळतात. ठेवायच्या आधी एक गोष्ट साफ विचारा, बाई बाळाचं करणार की आईचं? कारण बरेचदा असं होतं की ती दिवसभर बाळाला मांडीवर घेऊन बसते, आणि बाळंतीण उठून स्वतःसाठी आणि त्या बाईसाठी पण चहा टाकते. उलटं हवं. बाळ आईजवळ, आणि आईचं जेवण, कपडे, भांडी, शेक हे बाईकडे. रात्रीची बाई असेल तर बाळ आणून आईजवळ द्यायचं, पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट, झोपवणं तिनं करायचं, म्हणजे आईला निदान एक सलग चार तासांची झोप मिळते. सलग चार तास आणि तुकड्या-तुकड्यांनी सात तास यात सलग चारवाली जास्त माणसात असते, कोणत्याही आईला विचारा.

आणि काही गोष्टी बाईला पहिल्याच दिवशी सांगून टाकायच्या, नंतर ती ऐकत नाही. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. घुटी नाही, पाणी नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. नाका-कानात तेल नाही, डोळ्यात काजळ नाही. बाळाला पाठीवरच झोपवायचं. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर अजिबात नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, शेक हवाच तर गरम पाण्याची पिशवी घ्या, तीही सिझरच्या टाक्यांपासून लांब. बाईला खोकला-सर्दी असेल तर त्या दिवशी सुट्टी द्यायची आणि पगार कापायचा नाही, नाहीतर ती लपवून येणार.

बाई परवडत नसेल तर माणसं वाटून घ्या, पण तारखा लावून घ्या. इथे जवळजवळ सगळी घरं एकच चूक करतात. पहिल्या दहा दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसते, आई आलेली, सासू आलेली, नणंद आलेली, नवऱ्याची रजा पण तेव्हाच. आणि बारसं झालं, सव्वा महिना झाला की सगळे एकदम जातात. आता गंमत बघा, बाळाचं रडणं वाढत वाढत जाऊन साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू उतरतं. म्हणजे नेमकं रडणं टोकाला आणि घर रिकामं! त्यामुळे नवऱ्यानं सगळी रजा हॉस्पिटलातच संपवू नये. केंद्र सरकारच्या नोकरीत पंधरा दिवस मिळतात, प्रायव्हेटमधे बापाच्या रजेचा कायदाच नाही, जे मिळेल ते. त्यातले चार दिवस आधी आणि बाकीचे बायकोची आई परत गेल्यावर. बाळंतिणीला स्वतःला २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, कायदा लागू होतो अशा नोकरीत असेल तर.

बापानं काय करायचं, तर "काही मदत हवी का" हे विचारायचं बंद करायचं. पाजणं सोडून सगळं त्याला येतं. दही विरजणं, रात्रीची एक लंगोट-पाळी, सकाळी खंडेराव मार्केटमधून शेपू आणि दुधी आणणं, गोळ्यांचा डबा भरणं, आणि आपल्याच आईला "आज पाहुणे नकोत" हे आपण सांगणं. हे शेवटचं बायकोच्या तोंडून गेलं तर वर्षभर पुरतं.

मनाचंही सांगते. वार बाहेर पडली की हार्मोन्स एकदम खाली येतात, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास उगाच रडू येतं, चिडचिड होते, हे खूप जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत जातं. दोन आठवड्यांनंतरही रोज तसंच, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, बाळाकडे बघवत नाही किंवा सतत भीती, मी वाईट आई आहे, मी नसले तर बरं, असं यायला लागलं तर तो आजार आहे, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन, आणि त्याला उपचार आहे, पाजत असताना चालतील अशी औषधंही आहेत. भारतातले बरेच अभ्यास एकत्र करून २०१७ मधे जो आढावा आला त्यात २२ टक्के आयांमधे हे दिसलं, आणि धोका वाढवणाऱ्या कारणांत नवऱ्याचा आधार नसणं होतं, पैशाची तंगी होती, आणि मुलगी होणं पण होतं. मुलगी झाल्यावर घरातले चेहरे कसे होतात ते तिला दिसत असतं ना. टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट, दिवस-रात्र, मराठी-गुजराती दोन्हीत बोलता येतं. बापांनाही डिप्रेशन होतं, त्यांनीही लावावा.

वाट न बघता दवाखाना गाठायचा तो यासाठी. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, ताप शंभर पॉइंट चारच्या वर, टाक्यांतून पू किंवा घाण वास, जोरात डोकं दुखून डोळ्यासमोर अंधारी किंवा चमचम (प्रेशर डिलिव्हरीनंतरही वाढू शकतं, ज्यांना आधी नव्हतं त्यांनाही), एकाच पोटरीत दुखणं-सूज, दम लागणं, फिट येणं, स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यायचे विचार. बाळ पीत नसेल, लुळं पडलं असेल, अंग गरम किंवा गार, तळव्यापर्यंत पिवळं, पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू, तरी तेच. १०८ लावा, उगाच रिक्षा शोधत बसू नका.

आणि तुम्ही भेटायला जाणार असाल तर फोन करून जा, बाळाला आधी हात धुवून मग घ्या, पापा घेऊ नका, "दूध पुरतंय ना गं" हे विचारू नका. फ्रॉक आणि खेळणी घरात ढीगभर झालेली असतात. मूग घालून केलेली खिचडी, लसूण-खोबऱ्याची चटणी, एखादी उसळ असा डबा न्या, स्टीलचा नको, फेकता येईल असा किंवा परत नको असलेला, म्हणजे तो घासून परत द्यायचं काम तिच्या डोक्यावर राहणार नाही. वीस मिनिटं बसा, बेसिनमधली भांडी दिसली तर धुवून टाका आणि निघा.